शाळेची परीक्षा कोणी घ्यावी?

१८५४ साली चार्ल्स वुड यांचा खलिता हिंदुस्थानात आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. अनुदान घ्यावे की न घ्यावे हे शाळाचालकांच्या मर्जीवर होते. मात्र घेणाऱ्याने सरकारी तपासणी मान्य केली पाहिजे, अशी अट होती. मिशनऱ्यांच्या आणि स्थानिक मंडळींच्या अनेक शाळांनी ती आपणहून पत्करली. त्या अर्थाने आपल्याकडील शाळा-मूल्यांकनाचा आरंभ स्वेच्छेतूनच झाला. पण त्या स्वेच्छेला पैशाची दोरी बांधलेली होती.

ती दोरी लवकरच आवळली गेली. इंग्लंडमध्ये १८६२ पासून ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत सुरू झाली व त्याच दशकात ती मुंबई इलाख्यातही आली. वाचन, लेखन, गणित यांत मूल उत्तीर्ण झाले की शाळेच्या पदरात रक्कम पडे. या हिशेबात मंदगतीचे मूल म्हणजे शाळेचा तोटा! शतक संपण्यापूर्वीच इंग्लंडने ही पद्धत मोडीत काढली, यात नवल नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळांच्या देखरेखीविषयीही परखड शब्द आहेत. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने शाळेचे फारसे भले होत नाही. तपासणी निदान तिमाही असावी, आणि मधूनमधून ती पूर्वसूचनेवाचून व्हावी, असे त्यांनी सुचविले. या सूचनेचे मर्म जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. ‘डिप्टीसाहेब’ येणार म्हणून भिंती सारवल्या जात, हुशार मुले पुढच्या रांगेत बसविली जात, आणि साहेबांची पाठ वळली की शाळा पुन्हा आपल्या चालीने चालू लागे. जोतीरावांना शाळेचा सणाचा दिवस नको होता, तिचा रोजचा दिवस पाहावयाचा होता.

शाळेने स्वतःला तपासण्याची दुसरीही एक परंपरा आहे. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत अभ्यासप्रमुखाने निदान पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक शिक्षकाचे अध्यापन ऐकावे, असा नियम आहे. परीक्षक घरचाच, आणि त्याचे येणे नित्याचे. १८८५ साली अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतात शाळा व महाविद्यालयांनी एकत्र येऊन संघ स्थापला. परस्परांची पारख करण्याची, सरकारी हुकुमावाचून चालणारी मान्यतापद्धती अशा संघांतून वाढीस लागली. शाळेने आधी आपले आत्मपरीक्षण लिहावे, मग समव्यावसायिकांनी येऊन ते पडताळावे, हा तिचा गाभा.

आपल्या देशात हा विचार प्रथम उच्च शिक्षणात रुजला, आणि त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. याच आयोगाने १९९४ साली बंगळूर येथे ‘नॅक’ ही मूल्यांकन संस्था स्थापन केली. प्रारंभी महाविद्यालये तिच्याकडे स्वेच्छेने जात. २०१३ च्या जानेवारीत अधिसूचित झालेल्या नियमांनी ते सक्तीचे झाले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अनुकूल श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून मूल्यांकन समितीच्या सदस्यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. जेथे श्रेणीवर प्रतिष्ठा आणि निधी अवलंबून असतात, तेथे श्रेणी विकत घेण्याचा मोह जन्मतो, असे मला वाटते.

शाळांपुरते बोलायचे तर, गेल्या दशकात राज्यातील कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या प्रवेशद्वारांवर ‘आयएसओ मानांकित’ असे फलक झळकले. १९९० च्या सुमारास पेट्रोरसायन प्रकल्प पाहिलेल्या नागोठण्याला ही अक्षरे नवी नव्हती. गावकऱ्यांच्या वर्गणीतून शाळा रंगल्या, स्वच्छतागृहे झाली. हे पुण्य थोडे नव्हे. परंतु ते मानांकन मुख्यतः कार्यपद्धती व नोंदी पाहते. मुलाला वाचता येते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही.

२०१५ साली राष्ट्रीय पातळीवर आलेली ‘शाळासिद्धी’ मला म्हणूनच अधिक मोलाची वाटते. तीत सात क्षेत्रे आहेत. प्रत्येक मानकात शाळेने स्वतःला तीनपैकी एका स्तरावर ठेवायचे आणि पुढे काय करणार ते लिहायचे. पहिला स्तर लिहिण्यात नामुष्की नाही. नामुष्की मानली की तक्ता खोटा होतो. वरिष्ठांच्या भीतीने सर्वत्र तिसरा स्तर भरणारी शाळा जोतीरावांच्या काळातील सारवलेल्या भिंतींकडेच परत जाते.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या क्षेत्रात पहिलाच मुद्दा उपस्थितीचा आहे. अंबा नदीच्या खोऱ्यातील कातकरी वाड्यांवर याचा अर्थ काय होतो पाहा. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, मुलेही जातात. पटावर नाव राहते, बाकावर मूल नसते. ज्या शिक्षकांनी हे खरे लिहिले, त्यांच्यापुढे लगेच पुढचा रकाना येतो: उपाय कोणता? आजीजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागता येते. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देऊन भट्टीजवळच्या शाळेला कळविता येते. आणि मार्चमध्ये तोच रकाना पुन्हा उघडून, यंदा किती मुले टिकली हे नावानिशी मोजता येते.