ब्रह्मा कोंबडीची वंशावळ : अंड्यांच्या व्यापारांतील एका नांवाचा शोध

कागदपत्रांच्या चर्चेला वाहिलेल्या या पृष्ठांत कोंबडीच्या अंड्यांचा विषय पाहून वाचकांस किंचित् हसूं येईल. परंतु वंशावळ राजकुलाची असो, पोथीची असो अथवा पक्ष्याची असो, ती पारखण्याची रीत एकच आहे. शिवाय ज्या जातीचा विचार आम्ही येथें करणार आहों, तिच्या नांवांत आपल्या देशाची एक महानदी गोंवलेली आहे.

इ. स. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें शांघाय धरून चीनचीं पांच बंदरें इंग्रजांच्या व्यापारास खुलीं झालीं. पुढील कांहीं वर्षांत पूर्वेकडील थोराड, पायांवर पिसें असलेल्या कोंबड्या जहाजांतून इंग्लंड-अमेरिकेस पोंचूं लागल्या. व्हिक्टोरिया राणीनेंही त्या पाळल्या. १८४९ च्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें पक्ष्यांचें मोठें प्रदर्शन भरलें आणि तेथून कोंबड्यांचें जें वेड पसरलें, तें १८५५ च्या सुमारास ओसरलें. त्याच वर्षीं जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्यानें या वेडाचा विनोदी इतिहास लिहून प्रसिद्ध केला. तो स्वतः याच धंद्यांत मुरलेला होता.

या काळीं पक्ष्यांबरोबर उबवणीच्या अंड्यांचाही व्यापार चालला. खुडूक कोंबडीखाली बसवावयाचीं बारा-तेरा अंडीं म्हणजे एक घाण, या हिशेबानें तीं विकलीं जात. या धंद्याचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. अंड्याच्या कवचावर कुल लिहिलेलें नसतें. पिलें बाहेर पडण्यास एकवीस दिवस लागतात, आणि त्यांचें खरें रूप दिसावयास आणखी कित्येक महिने जातात. कोंबड्याचा संग तुटल्यावरही कोंबडी दोन-तीन आठवडे फलित अंडीं घालूं शकते. म्हणून खुराडीं वेळेवर वेगळीं केलीं होतीं कीं नाहीं, हें विकणाऱ्यासच ठाऊक. तात्पर्य, गिऱ्हाईक अंडें घेत नाहीं, शब्द घेतें. अशा बाजारांत नांवाला मोल येतें, यांत नवल नाहीं.

‘ब्रह्मपुत्रा’, संक्षेपानें ‘ब्रह्मा’, हें नांव याच बाजारांत रूढ झालें. त्याच्या मुळाविषयीं तीन साक्षी उपलब्ध आहेत.

पहिली साक्ष कनेक्टिकटमधील व्हर्जिल कॉर्निश याच्या १८५२ च्या पत्राची. तो म्हणतो कीं, या पक्ष्यांचा इतिहास फारसा ज्ञात नाहीं. चेंबर्लिन नांवाच्या कारागिरानें एका खलाशाच्या हातीं पैसे देऊन न्यूयॉर्कहून एक जोडी आणविली. हिंदुस्थानच्या जहाजांवरील खलाशांनीं ती आणली, याहून अधिक माहिती मिळाली नाहीं. चेंबर्लिननें त्या पक्ष्यांस ‘चितगांव’ हें नांव दिलें, तेंही त्या नांवाच्या दुसऱ्या कोंबड्यांशीं असलेल्या साम्यामुळें.

दुसरी साक्षही कॉर्निशचीच, पण सतरा वर्षांनंतरची. लुइस राइट या इंग्रज ग्रंथकारानें १८७० मध्यें ब्रह्मा कोंबडीवर स्वतंत्र पुस्तक काढलें, त्यांत ती आली आहे. आतां कॉर्निशला बंदराचें नांव ठाऊक आहे : ‘लकीपूर’. आणण्याचा महिनाही ठाऊक आहे : सप्टेंबर १८४६. हें लकीपूर म्हणजे मेघनेच्या मुखाकडील, आजच्या बांगलादेशांतील लक्ष्मीपूर असावें.

तिसरी साक्ष बर्नहॅमची. त्याच्या मतें हे पक्षी शांघायचेच; ब्रह्मपुत्रेचें नांव डॉ. बेनेट या प्रतिस्पर्ध्याची करामत. बर्नहॅमनें १८५२ च्या अखेरीस राणीस नऊ पक्षी नजर केले, ते ‘करडे शांघाय’ म्हणूनच. परंतु तोही विक्रेता. शांघायचें नांव टिकण्यांत त्याचा लाभ होता.

या तिहींत प्रमाण कोणती? आमच्या मतें पहिली. बखर आणि समकालीन पत्र यांत विरोध आला तर पत्र ग्राह्य धरावें, हा दंडक आपल्या इतिहासकारांनीं घालून दिला आहे. तोच येथें लागू पडतो. घटनेपासून दूर जातांना स्मृति क्षीण व्हावयाची, ती येथें अधिक तपशीलवार झाली आहे. मधल्या काळांत ‘ब्रह्मपुत्रा’ हें नांव सर्वतोमुखीं झालें होतें आणि त्याला साजेसें बंदर हवें होतें. कॉर्निश खोटें बोलला असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्नच उत्तर सुचवितो, हा अनुभव नवा नाहीं.

पक्ष्याच्या अंगची साक्षही पाहावी. पिसांचे पाय व भारी देह शांघायच्या कोंबड्यांशीं जुळतात. परंतु तीन ओळींचा बसका तुरा त्यांचा नव्हे, तो चितगांवकडील कोंबड्यांच्या तुऱ्याशीं जुळतो. म्हणून ही जात अमेरिकेंत शांघाय व चितगांव यांच्या संकरानें घडली, हें आज सामान्यतः मान्य असलेलें मत आम्हांस सयुक्तिक वाटतें. म्हणजे नांव सर्वस्वीं खरें नाहीं, आणि सर्वस्वीं निराधारही नाहीं. १८७४ मध्यें अमेरिकन पक्षिपालक संघाच्या पहिल्या प्रमाणग्रंथांत ‘ब्रह्मा’ नांव दाखल झालें आणि वाद बाजारापुरता मिटला.

पोथ्यांच्या संग्राहकांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. दप्तर विकणारा ‘हें अमक्या वाड्यांतलें’ म्हणून सांगतो, तेव्हां तोही कवचाआडचें अंडेंच विकीत असतो. तें ज्या दिवशीं हातीं येईल त्याच दिवशीं कोणाकडून, कोठून, काय सांगून दिलें, हें टिपून ठेवावें. आणि जें कळलें नाहीं, तें कळलें नाहीं असेंच लिहावें. कॉर्निशच्या पहिल्या पत्राची किंमत त्यानें मोकळेपणीं कबूल केलेल्या अज्ञानांत आहे. पुढें कोणी बंदराचें नांव भरील तेव्हां तें मागाहून भरलेलें आहे, हें ओळखण्याचें साधन तरी आपल्या टिपणानें मागें राहील.