चार महिने पाऊस आणि फादर स्टीफन्स



जोयडा तालुक्यात मृगाचा पाऊस लागला की आम्हां धर्मशिक्षकांचे वेळापत्रक कोलमडते. ओहोळ फुगतात, आतल्या वाड्यांच्या पायवाटा बुडतात, वीज जाते. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी चढते आणि धर्मशिक्षणाला निम्मीच मुले येतात. दरवर्षी आम्ही म्हणतो, "हे चार महिने फुकट गेले." यंदा तसे म्हणताना आम्हाला फादर थॉमस स्टीफन्स आठवले आणि आम्ही थोडे शरमलो.

फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, येशूसंघाचे. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. प्रवासात दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व २७ दगावली, असे त्यांनी वडिलांना पत्रातून कळवले. पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यांचे बहुतेक काम साष्टीत झाले. आमच्या घाटाखाली, गोव्याच्या बाजूला, समुद्राकाठी हा मुलूख येतो. आमच्यावर कोसळणारा पाऊस आधी तिथे कोसळतो.

त्या काळी पोर्तुगालची जहाजे पावसाळा ओसरल्यावरच गोव्यात पोहोचत. भर पावसात समुद्र खवळलेला आणि बंदर बंद. घरचे पत्र नाही, परतीची वाट नाही. परदेशातून सेवेला आलेल्या माणसापाशी अशा दिवसांत उरत काय असेल? चिखल, ओली वस्त्रे आणि शेजारची माणसे. शेजाऱ्याशी बोलायचे, तर त्याची भाषा शिकायलाच हवी.

पण हा इतिहास नुसता गोड नाही. जुलै १५८३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघी आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती मारले गेले. देवळे पाडली गेल्यामुळे गावकरी संतापलेले होते. पुढे गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून दग्याने ठार करण्यात आले. आपण पहिला भाग भक्तिभावाने सांगतो आणि दुसरा गाळतो. दोन्ही सांगितल्याशिवाय आपली साक्ष खरी ठरत नाही. सत्ता पाठीशी असली की सुवार्तेचा आवाजही लोकांना हुकमासारखा ऐकू येतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये, फादर स्टीफन्सनी आपल्या भावाला पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. ज्या भाषांकडे इतर परकीय लोक फारसे लक्ष देत नव्हते, त्यांत त्यांना थोरवी दिसली. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. पुराणात एक श्रोताच गुरूकडे मागणी करतो, की आमची जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या. त्या मागणीत केवढी पोकळी आहे, हे फादरांच्या कानांनी टिपले. त्यांनी प्रभूची कथा लोकांच्या ओवीत, लोकांच्या तालात बसवून दिली.

राज्य पोर्तुगीजांचे होते, आणि फादरही त्याच्याच छायेत वावरत होते. तरी किल्ले ओस पडले आणि ओव्या राहिल्या.

पेन्तेकॉस्तचा सण दरवर्षी पावसाच्या तोंडावरच येतो. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या बोलीत ऐकू आली. पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा बोलायला लावले नाही.

आमच्या वर्गात कुणबी घरांतली मुले कोंकणी बोलतात, कुणी मराठी, कुणी कन्नड. आम्ही मात्र पाठ केलेली उत्तरे मागत बसतो. म्हणून या पावसाळ्यात आम्ही ठरवले आहे, की वाट बंद असेल तेव्हा जवळच्या घरी जाऊन बसायचे, चुलीपाशी अंग शेकायचे आणि बोलण्याआधी ऐकायचे. आजीच्या तोंडची एखादी ओवी मिळाली, तर तेवढेच त्या दिवसाचे धर्मशिक्षण.

हे प्रभो, पावसाने आमच्या वाटा अडवल्या, तरी आमचे कान उघडे ठेव. आमेन.