मधाचं उष्टं

चित्रकाराच्या खोलीत शिरताच मधाचा वास यावा, हे टर्पेंटाइनला सरावलेल्या नाकाला नवलाचंच. मेणरंगात निसर्गचित्रं करणाऱ्याची खोली मात्र अशीच ओळखू येते. टेबलावर विजेचा सपाट तवा, तव्यावर ओळीने लहान डबे, डब्यांत पातळ झालेले रंग. हे रंग म्हणजे मधमाश्यांचं मेण, त्यात थोडी डमार नावाची राळ आणि रंगाची पूड. ही राळ आग्नेय आशियातल्या झाडांची, आपल्या सालवृक्षाच्या गोतातली. मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. तवा 90च्या आसपास ठेवतात. डब्यातून निघालेला कुंचला लाकडी फळीवर दोनचार फटकारे मारतो न मारतो, तोच रंग गोठतो. मग त्या थरावरून गरम हवेचा झोत किंवा ज्योत फिरवायची. थर क्षणभर ओलेत्यासारखा चकाकतो आणि खालच्या थराला धरतो. प्रत्येक थराला हे करावंच लागतं; केलं नाही तर थर पुढे सुटतात.

या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाळून आत मुरवलेलं’. म्हणजे नावात मेण कुठेच नाही, आग आहे. याच शब्दाचं लॅटिन रूप पुढे बायझंटाइन सम्राटाच्या सहीसाठी राखून ठेवलेल्या जांभळट तांबड्या शाईला मिळालं आणि फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत ‘इंक’ होऊन बसलं. आपल्याकडे संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, म्हणजे मधाचं उष्टं. मेणाचा साचा वितळवून धातूची मूर्ती ओतायच्या विधीलाही तेच नाव आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तो विधी वर्णिला आहे. मूर्तिकाराचं मेण आगीत वाहून जातं, चित्रकाराचं आगीत पक्कं होतं.

मेणरंगाचा सर्वांत जुना सविस्तर वृत्तान्त रोमन लेखक प्लिनीचा. इ. स. 79मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला. त्याने लिहिलंय की लढाऊ जहाजं वितळलेल्या मेणाच्या रंगांनी रंगवत आणि त्या रंगाला ऊन, खारं पाणी, वारा काही करू शकत नसे. इयाया नावाच्या चित्रकर्त्रीबद्दलही तो सांगतो: ती हस्तिदंतावर तापवलेल्या हत्याराने, मुख्यतः स्त्रियांची चित्रं काढी आणि तिला तिच्या काळातल्या नामांकित पुरुष चित्रकारांहून जास्त दाम मिळे.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो इ. स. पूर्व 4थ्या शतकातला सिक्योनचा ग्रीक चित्रकार पॉसियस. त्याचं ग्लिसेरा नावाच्या माळिणीवर प्रेम होतं. ती फुलं गुंफी आणि हा तिच्या माळांशी स्पर्धा करत फुलं रंगवी. प्रतिस्पर्धी म्हणत, मेणाचं काम फार संथ, म्हणून हा लहान चित्रं काढतो. तेव्हा त्याने एका मुलाचं चित्र एका दिवसात पुरं करून दाखवलं. त्या चित्राचं नावच पडलं ‘एका दिवसाचं’.

ग्रीक मेणचित्रांतलं आज काही हाती नाही. हाती आहेत ते इजिप्तमधल्या फायूम भागातले चेहरे. 1ल्या ते 3ऱ्या शतकातले, बहुतेक पातळ लाकडी फळ्यांवर रंगवून ममीच्या तोंडावर बांधलेले. 1888मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना हवारा इथे असे कितीतरी सापडले. आज सुमारे 900 माहीत आहेत. काही मेणात, काही पाण्यात कालवलेल्या रंगांत. मेणातल्यांचे डोळे अजून ओले वाटतात. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातलं 6व्या शतकातलं येशूचं चित्रही मेणातलंच. 8व्या शतकात बायझंटाइन राज्यात मूर्तिभंजन झालं, पण सिनाई तेव्हा त्या राज्याबाहेर होतं, म्हणून ते वाचलं.

त्यानंतर ही पद्धत मागे पडली. सतत विस्तव फुलता ठेवायचा, रंग कढू द्यायचा नाही, गोठू द्यायचा नाही. त्यापेक्षा अंड्याचा बलक आणि पुढे तेल सोयीचं. 18व्या शतकात, पाँपेईचं उत्खनन चालू असतानाच्या उत्साहात, पॅरिसच्या काउंट केलस यांनी प्लिनीच्या ओळींवरून प्रयोग केले आणि 1754मध्ये चित्रकार जोसेफ-मारी व्हिएनकडून मिनर्व्हा या रोमन देवीचं मस्तक मेणात रंगवून घेतलं. ते कुतूहलापुरतंच राहिलं. खरी सुटका विजेने केली, कारण तव्याची आच आता एका बटणावर आली.

1954मध्ये चित्रकार जॅस्पर जॉन्स अमेरिकेचा झेंडा रंगवायला बसला, तेव्हा आधी घेतलेला एनॅमल रंग वाळेनाच. त्याने मेण घेतलं, कारण ते ताबडतोब गोठतं आणि एक फटकारा दुसऱ्यात मिसळत नाही. चित्रात चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या त्या मेणातून आजही वाचता येतात. पॉसियसला संथ म्हणून हिणवलं गेलं तेच हे मेण, आता वेगासाठी निवडलेलं.

निसर्गचित्रकाराला यातली पारदर्शकता मोहवते. उजेड वरच्या थरांतून आत शिरतो आणि खालच्या रंगावरून परततो. धुकं, साचलेलं पाणी, पहाटेचं आभाळ यांचा स्वभावही हाच. वरचं मेण खरवडलं की आधीचा रंग वर येतो, दरडीत मातीचे थर दिसावेत तसा. तवा आणि ज्योत घेऊन माळावर बसणं कठीण, म्हणून बाहेर पेन्सिलीची टिपणं करायची आणि आत येऊन आठवणीतून रंगवायचं. मला हे मेणाचं मोठं देणं वाटतं: उरतं तेवढंच फळीवर येतं.

लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममधले हवाऱ्याचे चेहरे जरूर पाहा, आणि समोरून नाही, बाजूला सरकून तिरक्या उजेडात. गालावरच्या मेणाचे उंचवटे आणि हत्याराचे ओरखडे तिथे अजून दिसतात.