‘नो डाउट’ म्हणजे निःसंशय नव्हे

इंग्रजी लेखात ‘नो डाउट’ हे दोन शब्द वाक्याच्या आरंभी आले, की लेखकाच्या मनात थोडी तरी शंका आहे असे समजण्यास हरकत नाही. शब्दशः अर्थ ‘शंका नाही’ असा असला, तरी व्यवहारात त्याचा अर्थ ‘बहुधा’ किंवा ‘असेलही’ एवढाच उरला आहे. ‘नो डाउट ही इज अ गुड डॉक्टर’ असे वाक्य वाचताना सरावलेल्या वाचकाचे लक्ष पुढे येणाऱ्या ‘बट’कडे लागलेले असते. डॉक्टर चांगले असतील, पण फी परवडत नाही, किंवा वेळेवर भेटत नाहीत, असे काहीतरी पुढे येणार हे त्याला ठाऊक असते. मराठी वाचक मात्र शब्दकोशातला अर्थ धरून बसतो आणि भाषांतरित मजकुरात तेथे ‘निःसंशय’ हा भारदस्त शब्द येतो. मूळ लेखकाने हातचे राखून केलेले विधान मराठीत ठाम होऊन जाते.

ही झीज आजकालची नाही. इंग्रजी शब्दप्रयोगांचे चिकित्सक एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात तिची नोंद केली आहे. ‘नो डाउट’ आणि ‘डाउटलेस’ यांतील खात्री गळून गेली असून त्यांत केवळ शक्यता वा सवलत उरली आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘ऑफ कोर्स’वर तर त्यांचा विशेष राग होता. संदर्भग्रंथातून नुकतीच शोधून काढलेली आडवाटेची माहिती ‘ऑफ कोर्स’ लावून वाचकापुढे ठेवायची, म्हणजे ती आपल्याला जन्मापासून ठाऊक होती असे भासते, ही युक्ती त्यांना केविलवाणी वाटे. (मराठीतील ‘अर्थातच’ आणि ‘सर्वश्रुत आहे’ हे याच कुळातले, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.)

खात्रीचा शब्द घातल्याने वाक्य दुबळे कसे होते, याचे साधे उदाहरण ‘मस्ट’ या क्रियापदाचे आहे. ‘ही इज अ‍ॅट होम’ असे म्हणणाऱ्याने त्या माणसाला घरी पाहिलेले असते. ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’ म्हणणाऱ्याने केवळ खिडकीतला दिवा पाहिलेला असतो. मराठीतही ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरीच असणार’ यांत हाच फरक आहे. ज्ञान पक्के असते तेथे क्रियापद उघडे राहते. अनुमान असते तेथे त्याला आधाराची काठी लागते.

‘शुअरली’ हा शब्द याच जातीचा, पण अधिक धूर्त. तो विधानाच्या बाजूने पुरावा देत नाही, वाचकाची संमती गृहीत धरतो. अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी २०१३ सालच्या आपल्या पुस्तकात वाचकांना सल्ला दिला, की ‘शुअरली’ दिसताच मनात घंटा वाजली पाहिजे. जे लेखकाला सिद्ध करता येत नाही आणि तरीही वाचकाने विनातक्रार मान्य करावे असे वाटते, नेमके तेथेच हा शब्द वारंवार आढळतो, असे त्यांनी तत्त्वज्ञानावरील अनेक निबंध तपासून दाखवले. गणित आणि विज्ञानाच्या पुस्तकांतील ‘क्लिअरली’ किंवा ‘ऑब्व्हियसली’ यांचा अनुभव विद्यार्थ्यांना वेगळा सांगावयास नको.

म्हणी आणि वाक्प्रचार यांच्याकडे वळले तरी चित्र फारसे पालटत नाही. मृत्यू आणि कर यांखेरीज जगात काहीही निश्चित नाही, हे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावर जमा असलेले वचन आता कोणीही कोठेही वापरतो. ही कल्पना त्यांच्या आधीची; डॅनियल डिफो यांच्या १७२६ सालच्या पुस्तकातही ती आढळते. पण फ्रँकलिन यांनी ती कोणत्या संदर्भात वापरली ते पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १७८९ मध्ये एका फ्रेंच मित्राला पत्र लिहिताना, अमेरिकेची नवी राज्यघटना टिकेल अशी चिन्हे दिसत असली तरी खात्री देता येत नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी ती योजली. म्हणजे खात्रीची म्हणून मिरवणारी ही म्हण मूळ पत्रात अनिश्चिततेची कबुली होती. ‘डेड सर्ट’ हा वाक्प्रचार घोड्यांच्या शर्यतीतला, ‘सेफ बेट’ पैजेतला. हमखास येणाऱ्या घोड्यावर पैसे लावून घरी रिकाम्या हाताने परतलेल्यांना या शब्दांचे मोल अधिक कळावे.

हे सारे भाषेच्या गमतीजमतीपुरते राहते तर त्याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. पण राज्यकारभाराचे कागदही याच भाषेत लिहिले जातात. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विभागाने एक अहवाल तयार केला. त्या वर्षी युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे त्यात म्हटले होते. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने सहज विचारले, याचा अर्थ किती? येल विद्यापीठातून आलेले इतिहासाचे प्राध्यापक शर्मन केंट हे अहवालाच्या जबाबदार अधिकाऱ्यांपैकी एक. त्यांनी सांगितले, ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चकित झाला. त्याने शक्यता बरीच कमी धरली होती. केंट यांनी मग त्या शब्दांवर एकमताने संमती देणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना विचारले. उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. सर्वांनी एकाच वाक्यावर सही केली होती, अर्थ मात्र प्रत्येकाचा निराळा होता.

यावर केंट यांनी शब्दांना आकडे बांधून देण्याचा घाट घातला. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे ७५ टक्के, अशी कोष्टके १९६४ सालच्या त्यांच्या लेखात आहेत. आकड्यांना विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांना ते ‘कवी’ म्हणत. कवींचा पक्ष प्रबळ ठरला आणि कोष्टक त्या काळी सक्तीचे झाले नाही.

त्याची किंमत पुढे इराकच्या वेळी दिसली. मार्च २००२ मध्ये ब्रिटनच्या संयुक्त गुप्तचर समितीने इराकच्या शस्त्रांविषयीची माहिती तुटक आणि विरळ असल्याचे नमूद केले होते. सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी, सद्दाम हुसेन रासायनिक व जैविक शस्त्रे बनवीतच आहेत हे ‘बियाँड डाउट’ सिद्ध झाल्याचे लिहिले. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे गुप्तचर प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी अध्यक्षांसमोर ‘स्लॅम डंक’ हा बास्केटबॉलमधला शब्द उच्चारल्याचे बॉब वुडवर्ड यांच्या २००४ सालच्या पुस्तकातून बाहेर आले. आपण शस्त्रांविषयी नव्हे, तर जनतेपुढे मांडायच्या युक्तिवादाविषयी बोललो होतो, असे टेनेट यांनी नंतर स्पष्टीकरण दिले. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. शस्त्रांचे साठे मिळाले नाहीत. बटलर समितीने २००४ साली, गुप्तचरांनी घातलेल्या मर्यादा पुस्तिकेत गळाल्याचे दाखवले. चिल्कॉट चौकशीनेही २०१६ साली, त्या निष्कर्षांना दिलेली खात्री असमर्थनीय होती असे म्हटले.

शब्दाला आकडा बांधण्याचा केंट यांचा आग्रह शास्त्रज्ञांनी मात्र उचलला. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या अहवालांत ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५ टक्के असे ठरलेले आहे. तापमानवाढीतील मानवी वाट्याविषयी २००७ साली पहिला शब्द होता, २०१३ साली दुसरा, आणि २०२१ साली टक्केवारी बाजूला ठेवून ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निर्विवाद, असे लिहिले गेले. पंधराएक वर्षांतील शास्त्राची वाटचाल या तीन शब्दांत वाचता येते. तरीही सामान्य वाचक ‘व्हेरी लाइकली’चा अर्थ ९० टक्क्यांहून बराच कमी लावतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

मराठी बातमीत याच शब्दाचे ‘दाट शक्यता’ होते, आणि पावसाच्या अंदाजात वर्षानुवर्षे ‘दाट शक्यता’ वाचून छत्री घरी ठेवणाऱ्या वाचकाला त्यातून ९० टक्के ऐकू येणे कठीण आहे. तेथे आकडा शेजारी छापावा लागतो. ‘नो डाउट’चे काम त्यामानाने सोपे: ‘बहुधा’ लिहिले की झाले.