पलायित सॅमन

समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यांतून निसटून खुल्या पाण्यात गेलेला संवर्धित अटलांटिक सॅमन (शास्त्रीय नाव साल्मो सालार). या माशाचे सर्वाधिक संवर्धन नॉर्वेत होते. पळालेल्या माशांची मोजदाद, माग व बंदोबस्त यांविषयीची बरीचशी माहितीही तेथीलच आहे.

कारणे व प्रमाण : फाटलेले जाळे हे नेहमीचे कारण. वादळात नांगरदोर तुटणे, बोटीच्या पंख्यात जाळे अडकणे, मासे हलविताना किंवा त्यांच्या अंगावरील सागरी उवा काढताना हयगय होणे ही इतर कारणे होत. एका पिंजऱ्यात २ लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. त्यामुळे लहान भोकही महागात पडते. नॉर्वेत २००६ मध्ये ९ लाखांहून अधिक सॅमन पळाल्याची नोंद झाली. हे आकडे संवर्धकांनी स्वतः कळविलेले असतात. २००५–११ या काळातील खरी संख्या नोंदीच्या २ ते ४ पट असावी, असा बर्गेन येथील समुद्र संशोधन संस्थेच्या संशोधकांचा अंदाज आहे.

ओळख : झिजलेले पर व आखूड कल्लेझाकणे या बाह्य खुणा. लहानपणीच पळालेल्या माशात त्या पुसट होतात. तेव्हा खवले पाहतात. नैसर्गिक पिल्लू समुद्रात उतरण्यापूर्वी सामान्यतः २ ते ५ वर्षे नदीत काढते आणि हिवाळ्यातील मंद वाढीची दाट वलये त्याच्या खवल्यावर उमटतात. हॅचरीतील पिल्लू साधारण वर्षभरात तयार होते व त्याची वलये एकसारखी दिसतात. संवर्धित माशांना टोचलेल्या लसीमुळे पोटातील अवयव एकमेकांना चिकटलेले आढळणे हाही पुरावा मानतात.

जनुकीय माग : मासा संवर्धित आहे हे खवल्यावरून कळते, कोणाचा हे कळत नाही. त्यासाठी फ्योर्डमध्ये पकडलेल्या माशांच्या डीएनएची तुलना आसपासच्या पिंजऱ्यांतील नमुन्यांशी करतात. ही पद्धत २००६ पासून वापरात आली. जुळणाऱ्या पिंजऱ्याकडे बोट दाखविण्याइतकेच न जुळणारे पिंजरे वगळणे तीत महत्त्वाचे असते. काही प्रकरणांत तिच्या आधारे तपास होऊन दंडही झाले. मात्र शेजारच्या संवर्धकांनी एकाच हॅचरीतून पिल्ले घेतली असल्यास निष्कर्ष सैल पडतो.

जनुकसंकर (संवर्धित माशांची जनुके नदीतील मूळ सॅमनमध्ये मिसळणे) : नॉर्वेतील निवड-पैदास १९७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ४० नद्यांतील सॅमनवर उभी राहिली. पुढील पिढ्यांत मुख्यतः वेगाने वाढणारे मासे निवडले गेले, त्यामुळे संवर्धित मासे मूळ माशांपेक्षा वेगळे झाले. इम्सा नदीतील प्रयोगात (प्रसिद्धी २०००) संवर्धित माशांचे आजीवन प्रजननयश मूळ माशांच्या १६ टक्के भरले. अंडी घालण्याच्या जागी संवर्धित नर फारच मागे पडतात. त्यामुळे संकर प्रामुख्याने माद्यांमार्फत होतो. यश कमी असले तरी पळालेले मासे दरवर्षी नव्याने येत राहिल्यास परिणाम साचत जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २० नद्यांच्या अभ्यासात संकराचे प्रमाण ० ते ४७ टक्के आढळले. मूळ सॅमनच्या घटीत संकराचा वाटा किती आणि सागरी उवा, जलविद्युत् प्रकल्प व समुद्रातील बदल यांचा किती, याविषयी एकमत नाही.

बंदोबस्त : नॉर्वेत पिंजऱ्यांच्या बांधणीसाठी एनएस ९४१५ हे तांत्रिक मानक असून २००४ पासून ते नियमांद्वारे बंधनकारक झाले. पलायन तत्काळ कळविणे व पिंजऱ्यांपासून ५०० मी. पर्यंत मासे परत पकडणे ही संवर्धकाची जबाबदारी. नद्यांतील राष्ट्रीय पाहणी २०१४ पासून चालते. एत्ने नदीत २०१३ पासून आडव्या सापळ्यात वर चढणारे मासे अडवून संवर्धित तेवढे काढून घेतात. अन्यत्र गळ व पाणबुड्यांचे हारपून वापरतात. पळालेल्या माशांमुळे संकर होऊ नये म्हणून वांझ (त्रिगुणित) सॅमनचे प्रयोग झाले आहेत.

भारत : सागरी सॅमन-संवर्धन नाही. येथे प्रश्न इतर परक्या जातींचा आहे : आफ्रिकन मागूरच्या संवर्धनावर बंदी आहे; उजनी जलाशयात चिलापी (तिलापिया) स्थिरावला आहे.