आयसीयूतील नळ्या आणि जंतुसंसर्ग : नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे

नांदेडमध्ये विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मराठवाड्यातील गोरगरिबांची मोठी आधारस्थाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. तेव्हा चर्चा झाली ती औषधे आणि मनुष्यबळाची. त्या मृत्यूंचा संबंध नळ्यांच्या संसर्गाशी जोडणे बरोबर नाही; पण एका नर्सकडे जास्त खाटा आल्या की हात धुणे आधी सुटते, हे कोणत्याही आयसीयूला लागू आहे.

संसर्ग कसा होतो?

आयसीयूतील रुग्णाला बहुधा तीन नळ्या असतात : व्हेंटिलेटरची, मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन आणि लघवीची. याच नळ्या जीव वाचवतात आणि याच वाटेने जंतूही आत शिरतात. त्यातून न्यूमोनिया, रक्तातला किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. नळी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यावर झालेला असा संसर्ग साधारणपणे उपकरणाशी संबंधित धरतात. नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त.

काय केल्याने टळतो?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ पासून शंभराहून अधिक आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या गोष्टी पाळल्या : हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, निर्जंतुक गाउन व चादर वापरणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. दीड वर्षात रक्तातील संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटले. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, ३० ते ४५ अंश उंच ठेवतात आणि तोंडाची नियमित स्वच्छता करतात.

आपण काय करावे?

- आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद.
- इयादतीला सगळे खानदान नेऊ नका. एकेकाने जा. सर्दी-खोकला असेल तर बाहेरूनच दुआ करा.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात काही घालू नका, जमजमचा थेंबही नाही. तो फुफ्फुसात जाऊ शकतो.
- लघवीची पिशवी कमरेपेक्षा खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. स्ट्रेचरवर नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवू नका.
- सलाइनचे जोड, पट्टी यांना स्वतः हात लावू नका.
- रोज अदबीने विचारा : "डॉक्टरसाहेब, ही नळी आजही लागणार आहे का?"

हा प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. गर्दीच्या वॉर्डात विसरलेली एक नळी त्यामुळे एक दिवस आधी निघू शकते.