दुष्काळातल्या मुली आणि त्यांचे गाणे

शेगावहून पूर्णा ओलांडून संग्रामपूरकडे निघाले, की वरवट बकाल लागते. हा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारे. उत्तरेला सातपुडा दिसत असला तरी शेत भिजायचे ते पावसानेच. अशा मुलुखात पाऊस चुकला म्हणजे काय होते, ते १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडाने पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळातून माणसे अजून सावरली नव्हती, तोच हा दुसरा घाव. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी १८७० सालीच खामगावपर्यंत आगगाडी आली होती. म्हणजे धान्य आणायला गाडी होती. ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता.

मोठी माणसे गेली आणि लेकरे मागे राहिली. अकोटला आधीपासून तळ असलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेने अकोल्याला मुलांचा आणि खामगावला मुलींचा अनाथाश्रम चालवला. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घरांची कुळकथा अशाच आश्रमांच्या आवारात सुरू होते. ‘पोटासाठी बाटले’ हा शेराही तिथूनच त्यांच्या मागे लागला. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कहाण्या आपल्याकडे सगळ्यांनीच ऐकलेल्या आहेत. या शेऱ्याला उत्तर देताना मिशनरी अहवाल मुलांच्या आनंदाचे वर्णन करतात: मुले कशी गातात, प्रार्थनेत कशी रमतात. पण हे अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले होते. ज्या हाताने भाकरी मिळते, त्याच हाताने गीतपुस्तक मिळत असेल, तर त्या गाण्यातला आनंद खरा मानायचा का? इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

त्याचे उत्तर मी वऱ्हाडात न शोधता केडगावला शोधतो. कारण तिथली कर्ती बाई परदेशी नव्हती, देणगीवर जगलेली असली तरी मिंधी नव्हती, आणि भूक तिने स्वतः भोगलेली होती.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघेही १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थे फिरता फिरता गेली. पाणी आणि रानातला पाला यांवर दिवस काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा ही मुलगी पुढे झाली. उंची कमी पडली म्हणून तिने दांडा डोक्यावर घेतला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि ‘मुक्ती’तली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंवरचे आक्षेप इथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत, या कारणावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. केडगावला तर आडपडदाच नव्हता. ज्या मुलीला परत जायला घर नाही, तिच्या ‘होकारा’ला किती अर्थ? मला तरी हा प्रश्न रमाबाईंच्या चाहत्यांइतका सोपा वाटत नाही.

आणि मग जून १९०५ येतो. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले होते. सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत त्या पाचशेच्या वर गेल्या. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्याचे जाणवले. ती आग दुसरीलाही दिसली म्हणे, आणि ती विझवायला पाणी आणण्यासाठी धावली, अशी हकिगत तिथल्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी नोंदवली आहे. त्या आगीचे काय मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मला ती पाण्यासाठीची धावपळ महत्त्वाची वाटते. रचून सांगितलेल्या चमत्कारात सहसा कोणी बादली शोधत नाही.

त्यानंतर मुली आधी रडल्या. चोऱ्या, खोटेपणा, मनातली अढी असे सगळे मोठ्याने कबूल करीत रडल्या. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. रडणे ओसरल्यावर गाणे आले, टाळ्या आल्या, नाच आला. वर्ग थांबले, दिनक्रम मोडला. हे पाहून कित्येक मिशनरी संकोचले. अशी उपासना त्यांच्या शिस्तीत बसणारी नव्हती, आणि बाहेरून टीकाही झाली. मला पुरावा सापडतो तो इथेच. देणगीदाराला दाखवायचा आनंद नीटनेटका असतो. रांगेत उभ्या राहून गाणाऱ्या मुलींचा. हा आनंद अडचणीत टाकणारा होता, तरी तो लिहून ठेवावा लागला. रमाबाईंनी त्याला आवर घातला नाही. उलट त्याची बाजू घेतली. परमेश्वराची स्तुती हिंदी माणसांनी पाश्चात्यांच्याच रीतीने करावी, असे त्यांना वाटत नव्हते.

टाळ्या वाजवत, डोलत देवाचे नाव घेणे या मुलींना कोणी शिकवायला नको होते. घरे सुटली, गावे सुटली, पण ती लय बरोबर आली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी हे आधीच ओळखून मराठी चालींत पदे रचली होती. ख्रिस्ती कीर्तनेही उभी राहिली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक अभंगाच्या वळणाने लिहू लागले आणि इंग्रजी चालींत कोंबलेल्या भाषांतरित गीतांची सद्दी संपत गेली. लक्ष्मीबाई टिळक तर स्वतः कीर्तनाला उभ्या राहत. एरवी कुणाची तरी बायको, कुणाची तरी विधवा म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या बायकांना सभेसमोर उभे राहून गाता येणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

भूक त्यांना दारापर्यंत घेऊन आली, हे खरेच. पण दारात आलेली मुलगी एकटी होती. आत तिला रात्री शेजारी झोपणारी, तापात कपाळावर हात ठेवणारी, एकाच सुरात ओरडणारी माणसे मिळाली. जात विचारून वेगळी पंगत मांडली जात नव्हती. त्यांच्या आनंदात भाकरीचा वाटा होताच. तो का नसावा? आपल्याकडे काल्याशिवाय कीर्तनाचा सप्ताह उठत नाही, म्हणून कोणी वारकऱ्याला पोटभरू म्हणत नाही.

रमाबाई शेवटची कित्येक वर्षे बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच मुली-बायकांच्या हातांनी ते छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. ज्यांना आश्रमात येण्याआधी अक्षर ठाऊक नव्हते, अशा बोटांनी त्यातला खिळा न खिळा जुळवला होता.